गेघामचं दुसरं घर

राझमिकची नजर माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर जायची, आधी कोटाकडे. एरेवानमधल्या एका ब्रँडीच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं त्याने फाटकावर काढली होती. पाळी सुटली की बायका-पुरुष एकेक करून त्याच्यासमोरून जायचे, आणि कुणाच्या चालण्यात बाटली आहे हे त्याला हात न लावता कळायचं. पुढे रशियाचं राज्य गेलं, कारखाना बंद पडला, आणि मग एक गोष्ट उघडकीला आली. राझमिक पुढच्या फाटकावर बायकांच्या पिशव्या उपसत होता तेव्हा वरचे साहेबलोक मागच्या दाराने ट्रक भरभरून माल बाहेर काढत होते. हे ऐकून तो काही दिवस धड जेवला नाही. तेव्हापासून त्याने मनाशी एक ठरवून टाकलं, की समोरचा माणूस जितका सरळ दिसतो तितकं त्याच्यामागे मोठं दार असतं.

त्याची बायको आरुस्याक शेजारणींना सांगायची, "आमचा हा चर्चमध्ये गेला तरी आधी पाद्र्याच्या बाह्या बघतो."

खरं म्हणजे तो चर्चमध्ये जातच नसे. गेली कित्येक वर्षं तो पाहुण्यांना पांढऱ्या व्हॅनमधून देशाच्या दक्षिणेला न्यायचा. खोर विराप आणि नोरावांकचे जुने मठ, खिंड ओलांडून गोरिसला मुक्काम, दुसऱ्या दिवशी तातेवचा मठ आणि परत. पाहुणे दगडी क्रूस बघायला आत गेले की हा व्हॅनला टेकून उभा. आवारात भटकणारी माणसं त्याला पसंत नव्हती.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, शुशानने, स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं. ती औषधाच्या दुकानात काम करायची. मुलगा पर्यटकांचा वाटाड्या होता. गेघाम त्याचं नाव, मूळचा ग्युमरीचा, युद्धावरून परत आलेला. एका रविवारी तो घरी जेवायला आला. आरुस्याकने कोकराचं मटण भाजलं होतं. गेघाम पोटभर जेवला, भांडी उचलायला उठला, आरुस्याकच्या गुडघेदुखीची चौकशी केली, आणि ब्रँडीचा एकच पेला पिऊन पुरे म्हणाला. बिचारी आरुस्याक विरघळली. राझमिकच्या मनात मात्र पाल चुकचुकली. जावई व्हायला आलेला पोरगा एका पेल्यावर थांबतो, म्हणजे तो जिभेला लगाम घालून बसलाय. का घालावा?

त्याने पर्यटन कचेरीतल्या ओळखीच्या बाईला गाठलं आणि सप्टेंबरातल्या एका फेरीवर आपल्या व्हॅनला गेघाम जोडून मागितला. पाहुणे म्हणून हॉलंडचं एक निवृत्त जोडपं होतं, दोघंही उंच, शांत, एकसारख्या टोप्या घालणारी. सकाळी हॉटेलसमोर भेटल्यावर राझमिक म्हणाला, काय योगायोग बघ. गेघामने हसून मान डोलावली. हा योगायोग नाही हे त्यालाही कळत होतं, आणि त्याला कळतंय हे राझमिकलाही.

खोर विरापला पोचले तेव्हा समोर अरारात अगदी स्वच्छ दिसत होता. हद्दीपलीकडचा तो डोंगर पाहून डच बाईंनी कॅमेरा काढला. गेघामने त्यांना संत ग्रेगोरीची कोठडी दाखवली, अंधाऱ्या शिडीने खाली उतरवलं, पुन्हा वर आणलं. सगळं व्यवस्थित. मग त्याचा फोन वाजला, आणि तो पाहुण्यांना फोटो काढायला सोडून तटाच्या मागच्या बाजूला गेला. राझमिकने व्हॅनची काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती. गेघाम बराच वेळ बोलत होता, आणि बोलताना त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. कचेरीतल्या माणसाशी कुणी टोपी काढून बोलत नाही.

"कुणाचा होता फोन?" तो परतल्यावर राझमिकने विचारलं.

"ओळखीतल्यांचा, काका."

असं गुळमुळीत उत्तर राझमिकने फाटकावर हजारदा ऐकलं होतं.

पुढे आरेनीला रस्त्याच्या कडेला बायका द्राक्षं, घरची दारू आणि सुकवलेली फळं मांडून बसतात. डच जोडपं दारू चाखत होतं तेव्हा गेघाम एका बाईकडे जर्दाळूच्या पोळ्या निवडत होता. बाईने अक्रोड भरलेल्या सुक्या पीचची पिशवी पुढे केली तर म्हणाला, ते नको, अक्रोड चावता येणार नाहीत, मऊ काय असेल ते द्या. बाईने सगळ्यात पातळ, सगळ्यात गोड पोळी काढून दिली. शिवाय त्याने लोकरीची एक शालही घेतली, राखाडी, बायकी. दोन्ही पुडकी त्याने आपल्या पाठपिशवीत तळाशी घातली.

राझमिक स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. शाल बाईसाठी, हे उघड होतं. पण ज्याला अक्रोड चावता येत नाहीत असं त्या घरात कोण? ज्याला दात नाहीत तो. आणि दात कुणाला नसतात? बाई होती ती होती, वर मूलही होतं.

नोरावांकच्या दरीत शिरताना दोन्ही बाजूंचे तांबडे कडे जवळ येतात आणि फोनला सिग्नल मिळेनासा होतो. गेघाम सारखा फोनकडे बघत होता. वर मठाच्या आवारात पोचल्यावर त्याने पाहुण्यांना दुमजली चर्चचा तो अरुंद बाहेरचा जिना दाखवला, हात धरून बाईंना वर चढवलं. राझमिक कधी नव्हे तो व्हॅन सोडून त्यांच्यामागे गेला आणि बाजूच्या छोट्या चर्चच्या दाराआड थांबला.

थोड्या वेळाने गेघाम एकटाच तिथे आला. मेणबत्ती घेऊन तो आत गेला. इथे वरच्या पेटीतल्या वाळूत जिवंत माणसांसाठी मेणबत्ती लावतात, आणि खाली जमिनीलगतच्या पेटीत गेलेल्यांसाठी. गेघामने मेणबत्ती पेटवली आणि वरच्या वाळूपाशी नेली. मग खाली वाकला. पुन्हा उठला. ज्योत हातावर मेण ठिबकवत होती, तरी तो तसाच उभा. शेवटी त्याने फुंकर मारली, मेणबत्ती खिशात घातली आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडला.

राझमिकने असं काही आजवर पाहिलं नव्हतं. देवासमोर पेटवलेली मेणबत्ती विझवून खिशात घालणारा माणूस देवाशी तरी खरं बोलत असेल का? तो भिंतीच्या कडेकडेने बाहेर आला, तर पलीकडे गेघाम एका उंचवट्यावर चढून फोन कानाला लावून उभा होता. वारा नेमका राझमिककडे वाहत होता.

"हो गं, जान, जेवलो," गेघाम म्हणत होता. "उद्या दुपारी येतो. दाराला कडी नको घालूस... नाही गं, एरेवानात माझं कोण आहे? तुझ्याशिवाय मला कोण आहे? बरं, रडू नकोस. तुला आवडतं ते आणलंय."

राझमिक व्हॅनकडे परत आला तेव्हा त्याला घाम फुटला होता. तरी कुठेतरी एक समाधानही होतं, आणि त्याची त्याला पुढे फार लाज वाटली. आपली नजर अजून चुकत नाही, असं ते समाधान होतं.

संध्याकाळी गोरिसच्या घरगुती हॉटेलात टेबल मांडलं गेलं. पातळ लवाश रोटी, चीज, पुदिना, तुतीची दारू. राझमिकने पेले भरले आणि उठून उभा राहिला. घरोघरच्या बायकांसाठी, म्हणाला, ज्या आपल्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतात त्यांच्यासाठी. बोलताना त्याची नजर गेघामवर रोखलेली होती. गेघामने पेला उचलला, जरा विचार केला आणि म्हणाला, "आणि ज्या वाट बघतात त्यांच्यासाठी." आणि या खेपेला पेला तळापर्यंत रिकामा केला. डच जोडप्यानेही भाबडेपणाने आपले पेले उचलले.

राझमिक अंगणात जाऊन आरुस्याकला फोनवर सगळं सांगून मोकळा झाला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू कान लावलास, डोळे नाही लावलेस. उद्या जातोय ना तो कुठे? मग तूही जा. बघ, आणि मगच तोंड उघड."

शहाणपणाचं बोलणं होतं. पण मुलीचा विचार मनात आला की राझमिकला धीर धरवेना. त्याने शुशानला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, की गेघामचं दुसरं घर आहे, बाई आहे, बहुतेक मूलही आहे.

मग शुशानने विचारलं, "बाबा, तू पाहिलंस?"

"ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं."

तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवेने दरी ओलांडून पाहुणे तातेवला जाऊन आले. गेघामचं काम बिनचूक चाललं होतं. परतीच्या वाटेवर, सिसियानच्या अलीकडे, त्याने घसा साफ केला आणि पाहुण्यांना आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये काहीतरी विनवलं. दोघांनी आनंदाने माना डोलावल्या. मग तो राझमिककडे वळला.

"काका, पुढच्या वळणावर डावीकडे एक गाव आहे. थोडा वेळ थांबू या का? माझं एक काम आहे."

"थांबू या की," राझमिक म्हणाला. "मलाही बघायचंय."

गेघामने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

गाव कसलं, सफरचंदाच्या झाडांमागे पाचपंचवीस घरं. शेणाच्या गोवऱ्या भिंतीला रचलेल्या. गेघाम एका निळ्या दारापाशी उतरला आणि पाहुण्यांना बाकावर बसवलं. शेजारची एक बाई लगबगीने आली, तिने त्यांच्यासमोर सफरचंदं आणि थंड ताक ठेवलं. दार उघडंच होतं. गेघाम आत शिरला आणि राझमिक त्याच्या पाठोपाठ उंबऱ्यापर्यंत.

आत एक म्हातारी खाटेवर बसली होती. अगदी वाळकी, डोक्याला रुमाल, तोंडाचं बोळकं. गेघाम तिच्यासमोर जमिनीवर बसला, तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "झिरायर, किती वाळलास रे! खायला देत नाहीत का तुला?"

"देतात गं, आई, जान. हे बघ, जर्दाळूची पोळी."

राझमिकला काही कळेना. गेघामची आई ग्युमरीला होती, लग्नाच्या बोलण्यांसाठी ती येणार होती, आणि हा झिरायर कोण? तेवढ्यात म्हातारीची नजर दाराकडे गेली. तिचे हात गेघामच्या गालांवरून सुटून त्याच्या बाहीला घट्ट बसले.

"हा कोण?" ती म्हणाली. "पुन्हा कुणाला पाठवलंय त्यांनी?"

गेघाम काही बोलायच्या आत ती उठली. काठी न घेता, भिंतीला धरून, ती राझमिकसमोर आली आणि त्याला खालपासून वरपर्यंत पाहू लागली, बूट, पट्टा, कोटाची बटणं. अशी नजर राझमिकवर आयुष्यात कुणी टाकली नव्हती.

"मावशी, मी ड्रायव्हर आहे," तो म्हणाला.

"कुणाचा ड्रायव्हर? सैन्याचा?"

"नाही हो. पर्यटकांचा. मुलाला घरी सोडायला आलोय."

"सोडायला की न्यायला?"

राझमिकने गेघामकडे पाहिलं. गेघाम जमिनीवर तसाच बसला होता, मान खाली. त्याची मान पाहून राझमिकला सगळं एकदम समजलं, कुणी न सांगता. त्याने टोपी काढली.

"सोडायला, मावशी," तो म्हणाला. "झिरायर म्हणाला आईला भेटायचंय, म्हणून वाट वाकडी केली."

म्हातारीचं समाधान झालं नाही. तिने त्याला घरात घेतलं नाही. ते निघेपर्यंत तो उंबऱ्याबाहेर उभा होता, आणि ती मुलाच्या खांद्यावरून त्याच्यावर डोळा ठेवून जर्दाळूची पोळी चघळत होती.

निघताना शेजारणीने राझमिकला बाजूला घेऊन सांगितलं. पारांझेम म्हातारीचं नाव. तिचा मुलगा झिरायर आणि गेघाम युद्धात एकाच ठाण्यावर होते. झिरायर संध्याकाळी पाणी आणायला उतरला आणि परत आलाच नाही. प्रेत नाही, पत्ता नाही, कैद्यांच्या यादीत नाव नाही. युद्ध संपल्यावर गेघाम त्याच्या आईला भेटायला आला, तर तिने दारातच त्याला मिठी मारली आणि झिरायर म्हणून हाक मारली. त्याने दोनदा सांगून पाहिलं, की मी गेघाम, ग्युमरीचा. तिला ऐकूच येईना. मग त्याने सांगणं सोडलं. शेजारीण म्हणाली, "आम्हीही सोडलं."

व्हॅन खिंड चढू लागली. मागे डच जोडपं सफरचंदं खात होतं, सिग्नल येत होता, जात होता. एका वळणावर गेघामच्या फोनवर निरोप आला. त्याने तो वाचला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

"तुम्ही शुशानला काही सांगितलंत?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही.

"हो."

"काय?"

राझमिकने सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

गेघाम खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "मी तिला सांगणार होतो. पण सांगितलं की ती म्हणाली असती, मला घेऊन चल. मग म्हातारीला सून दिसली असती. मग तिला लग्नाला यायचं असतं, आई म्हणून पुढे बसायचं असतं. आणि तिथे माझी खरी आई असती, आणि कुणीतरी मला गेघाम म्हणून हाक मारली असती. तिथून पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं, काका. अजून सुचत नाही."

खिंडीच्या माथ्यावर राझमिकने व्हॅन कडेला घेतली. पाहुण्यांना खुणेने सांगितलं, इंजिन तापलंय. बाहेर वारा कापत होता. चौथ्या-पाचव्या खेपेला शुशानने फोन उचलला. तो म्हणाला, मी आता डोळ्यांनी पाहून आलोय, आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. तिने मधे एकही प्रश्न केला नाही. राझमिकला वाटलं, आता रडेल, आता मोकळी होईल.

शुशान म्हणाली, "बाबा, तू माझ्या माणसावर पाळत ठेवलीस. आणि तो माझ्यापासून एक अख्खी आई लपवून बसला. तुम्हा दोघांना एकमेकांशी सोयरीक करायची तर करा. मला जरा एकटीला राहू द्या."

त्या रागात तिने दोघांशीही बोलणं टाकलं. आरुस्याकने मध्यस्थी केली नाही. उलट जेवायला वाढताना राझमिकला म्हणायची, बघ बाबा, भाजीत कुणी काही घातलं तर नाही ना. पानगळ सुरू झाली तशी एके दिवशी शुशान कुणाला न सांगता एकटीच बसने सिसियानकडे गेली. पारांझेमने तिलाही घरात घेतलं नाही. माझ्या मुलाचं लग्न झालेलं नाही, म्हणाली, तू कोण? शुशान बाहेरच्या बाकावर बसून राहिली. शेजारणीने घेवड्याच्या शेंगांची टोपली आणून मधे ठेवली, तेव्हा म्हातारी बाहेर येऊन बसली आणि दोघी न बोलता शेंगा सोलत राहिल्या. परत आल्यावर शुशान बापाला म्हणाली, "ती बाई तुझ्यासारखी आहे. तुमचं छान जमेल."

एवढ्यावरून घरच्यांनी ओळखलं, की राग उतरणीला लागला. गेघाम घरी आला, शुशान त्याला घेऊन फिरायला गेली, आणि परत येताना दोघांचेही डोळे लाल होते. लग्न हिवाळ्यात झालं, गाजावाजा न करता. गेघामची आई ग्युमरीहून आली. ती जाडजूड, हसतमुख, बडबडी बाई होती. तिला पारांझेमबद्दल कुणी काही सांगितलं नाही. आणि पारांझेमला लग्नाबद्दल.

राझमिक अजून दक्षिणेच्या फेऱ्या करतो. बर्फ वितळलं की सिसियानच्या अलीकडे डावीकडे वळायची त्याला सवय लागली आहे, गेघाम बरोबर असो वा नसो. पाहुण्यांना तो गावचं ताक म्हणून सांगतो. पारांझेम आता त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देते, पण खुर्ची दारालगतच ठेवते.

या उन्हाळ्यात तो एकटाच गेला होता. तिने त्याच्यासमोर कॉफी ठेवली, झिरायर कधी येणार ते विचारलं, आणि नेहमीसारखी खाटेवर बसून रुमालाची गाठ सोडत-बांधत राहिली. निघताना ती दारापर्यंत आली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"पोराला सांग, दर वेळी इथेच येत जाऊ नकोस म्हणावं. त्याची आई तिकडे ग्युमरीला एकटी असते."

राझमिक पायरीवर थबकला. तिला ग्युमरीचं कुणी सांगितलं? शुशानने? ती तर शेंगा सोलत गप्प बसली होती. शेजारणीने? की पहिल्याच दिवशी, दारात, गेघामने दोनदा सांगितलं तेव्हाच तिने ऐकलं होतं? तो वळून विचारणार होता. पण पारांझेम आत जाऊन खाटेवर बसली होती आणि रिकाम्या खोलीशी बोलावं तसं झिरायरचं नाव घेत होती. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एरेवानपर्यंतचा रस्ता त्याने रेडिओ न लावता कापला. घरी आरुस्याकने विचारलं, म्हातारी कशी आहे, काही बोलली का?

"काही नाही," राझमिक म्हणाला. "जुन्याच गोष्टी बडबडते."

आणि बूट काढायला खाली वाकला.